नदी सरकारजमा

माझ्या काकीला नदीच्या दोन्ही तीरांवर ‘नावकाकी’ म्हणत. तिचं माहेर पलीकडच्या तीरावर, सासर अलीकडे, आणि ती स्वतः बहुतेक वेळ मधल्या पाण्यात. खरा नावाडी काका. पण लग्नाला वर्ष झालं नाही तोच त्याला कळून चुकलं की वल्ह्यावर बायकोचा हात आपल्यापेक्षा बरा बसतो. त्यानं मुकाट्यानं वल्हं तिच्या हाती दिलं आणि स्वतः धक्क्यावर बसून होड्यांच्या भेगा बुजवायला लागला. मित्रांनी टिंगल केली. काका म्हणाला, “हसा लेको. भर प्रवाहात होडी गिरक्या घ्यायला लागली की कुणाला हाका मारता ते बघतो.”

मी काकाची पुतणी. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत. तिकडचं हसणं, भांडणं, भांड्यांची आदळआपट, सगळं आमच्याकडे ऐकू यायचं. पुढचं जे सांगते त्यातलं सुरुवातीचं काकीच्या तोंडून ऐकलेलं, थोडं त्या भिंतीतून आलेलं, आणि शेवटचं मी स्वतः पाहिलेलं.

नदीत पहिला साहेब आला तो मासे बघायला. निदान त्याचा दुभाषा तरी तसं सांगत होता. साहेब म्हणे मोठा विद्वान, या नदीतल्या माशांवर पुस्तक लिहिणार होता. त्यानं एका उन्हाळ्यापुरती काकीची होडी ठरवली. डोक्यावर भली मोठी टोपी, नाकाची साल निघालेली, आणि हातात शिशाचा गोळा बांधलेली लांब दोरी. थोडं पुढं गेलं की होडी थांबव म्हणायचा, दोरी पाण्यात सोडायचा, वर ओढायचा आणि वहीत काहीतरी टिपायचा.

“मासा दाखवला तर मान हलवतो, आणि लगेच पाण्यात दोरी,” काकी घरी येऊन सांगायची. “मासे सोडून सगळं बघतोय मेला.”

“त्यांच्याकडे दोरीनं धरत असतील मासे,” काका म्हणायचा.

निघताना साहेबाचे डोळे भरून आले. इतके साधे, प्रेमळ लोक आपण कुठंच पाहिले नाहीत, असं त्यानं दुभाष्याकरवी सांगितलं आणि काकीला एक छत्री दिली. पुढच्या वर्षी त्याच पाण्यातून, जिथं जिथं दोरी खोल गेली होती नेमकी तिथूनच, तोफा चढवलेली आगबोट वर आली. काकी धक्क्यावर उभी राहून बघत होती. “आले बघा मासे धरायला,” एवढंच ती म्हणाली, आणि छत्री नदीत भिरकावली. चांगली छत्री होती, म्हणून काकाला वाईट वाटलं.

आता ही आगबोट कशासाठी आली होती? पलीकडच्या डोंगरात तांबं होतं. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. पण एवढ्या लांबून आलेला सभ्य माणूस ‘तुमचं तांबं न्यायला आलो’ असं कसं म्हणेल? त्याला कारण लागतं, आणि कारण उदात्त लागतं. आगबोटीच्या साहेबानं सांगितलं की या नदीच्या दोन तीरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रक्तपात चालला आहे, तो थांबवायला आम्ही समुद्र ओलांडून आलो. भांडणं होती, नाही कशाला म्हणू? गुरं शेतात शिरली म्हणून होती, लग्नात मुलीकडच्यांचा मान राखला नाही म्हणून होती. काकीच्या सासूचं आणि आईचं तर उभ्या जन्मात पटलं नाही. पण त्याला रक्तपात म्हणायचं असतं हे आम्हाला नवीनच कळलं.

मग त्यांनी शांतता आणायला घेतली. आमच्या तीरावरची जवान पोरं निवडली, हातात बंदुका दिल्या आणि पलीकडे पहाऱ्याला बसवली. पलीकडची पोरं अलीकडे. पलीकडे कुणाला चाबूक बसला तर तो अलीकडच्या पोराच्या हातून, आणि इथं कुणाचं घर जाळलं तर काडी लावणारा पलीकडचा. साहेबाच्या हाताला काजळी लागायची नाही. दोन वर्षांत खरंच दोन्ही तीर एकमेकांवर दात खायला लागले. तेव्हा साहेबानं वर लिहून पाठवलं की हे लोक जात्याच भांडखोर आहेत, आम्ही इथून हललो तर एकमेकांना कच्चे खातील.

आमच्या तीरावरचा मुखिया ताठ होता. त्याला ‘हवापालटासाठी’ म्हणून आगबोटीत बसवून कुठल्याशा बेटावर नेलं. तिथली हवा इतकी चांगली असावी की तो परत आलाच नाही. पलीकडचा मुखिया मात्र समजूतदार निघाला. त्याला त्यांनी राजा केलं. उंच खुर्ची दिली, दोन भालदार दिले, आणि साहेब दिसला की कसं वाकायचं ते शिकवलं. ज्याला आयुष्यात कधी कुणी राजा म्हटलं नव्हतं तो राजा झाला, आणि त्या दिवसापासून त्याला आपल्याच गावाच्या वाटेनं पायी चालणं जमेना.

तांबं काढायला माणसं लागतात. साहेबानं मजुरी जाहीर केली, पण अंधाऱ्या बिळात शिरून दगड फोडायला कोण जाणार? लोकांकडे शेत होतं, नदी होती, खायला पुरेसं होतं. ही साहेबांच्या दृष्टीनं फार गंभीर अडचण. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला सुधारायचं कसं? मग त्यांनी डोईपट्टी काढली. धडावर डोकं आहे ना, मग त्याचा कर भरा. आणि धान्य नको, कोंबडी नको, आमच्या शिक्क्याची नाणी हवीत. ती नाणी मिळायची एकाच ठिकाणी, खाणीवर. म्हणजे जबरदस्ती कुणी केलीच नाही. प्रत्येकजण आपल्या पायांनी खाणीत उतरला, आणि साहेब म्हणाला, बघा, आता यांना कामाची गोडी लागली.

काकाही गेला. दोन्ही घरांत मिळून मोजण्यासारखी डोकी बरीच होती. म्हातारी आई होती, आम्ही होतो. वर्षातले सहा महिने तो खाणीत असायचा. तिसऱ्या खेपेला परत आला तो अर्धाच. दोन पावलं चालला की भात्यासारखा धापा टाकायचा. काकी त्याला धक्क्यावर उन्हात बसवायची आणि होडीतून ओरडून विचारायची, “आहेस का रे?” काका हात वर करायचा. बोलायला लागलं की खोकला यायचा, म्हणून हात.

डोईपट्टीतून सुटायला लोक होडीनं रातोरात तीर बदलतात, असं साहेबांच्या कानावर गेलं. थोडंफार खरंही होतं. ज्या दिवशी अलीकडे मोजणी, त्या दिवशी पलीकडे पाहुणे फार व्हायचे. मग एका सकाळी धक्क्यावर ढोल वाजवून सांगण्यात आलं की नदी सरकारजमा झाली आहे. पाणी, मासे, वाळू, धक्का, सगळं. यापुढं होडी घालायची तर ठेकेदाराचा परवाना लागेल.

“शेत जप्त करतात ते ऐकलं होतं,” काका धापा टाकत म्हणाला. “वाहत्या पाण्याची जप्ती कशी करणार?”

“ते पाण्याचं बघत नाहीत,” काकी म्हणाली, “आपल्याला बघतात.”

ठेकेदार म्हणून ज्याला नेमलं तो काकीचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी तिनंच त्याला पोहायला शिकवलेलं. त्याला एक निळा कोट आणि छातीवर लावायला पितळी बिल्ला मिळाला होता, म्हणून आम्ही पोरं त्याला बिल्लेमामा म्हणायचो. साहेबांची भाषा त्याला येत नव्हती, पण माफीचा शब्द तेवढा त्यानं पाठ केला होता, आणि साहेब समोर आला की काही घडो न घडो, तो तेच म्हणत राहायचा. कोट घालून तो पहिल्यांदा काकीच्या होडीपाशी आला तो दिवस मला आठवतो. मी होडीतच बसले होते.

“ताई, परवाना लागेल,” तो खाली बघत म्हणाला.

“कुणाचा?”

“माझा.”

काकीनं वल्हं आडवं ठेवलं. “तू पाण्यात पडून गटांगळ्या खात होतास तेव्हा केसाला धरून तुला मी बाहेर काढलं. तेव्हा कुणाचा परवाना घेतला होता रे मी?”

“मी नाही घेतला ठेका तर दुसरा घेईल, ताई. तो तुला त्रास देईल.”

“म्हणजे त्रास परक्यानं दिला असता, तो तू घरच्या घरात देतोयस. उपकार झाले.”

परवाना तिनं घेतला. काका बसून होता, घर चालायला हवं होतं. पण त्या दिवसापासून भावाशी बोलणं तोडलं. तो होडीत बसला तरी ती त्याला इतर उतारूंसारखं ‘ओ, पुढं सरका’ म्हणायची. त्याला ते फार लागायचं.

मी तोवर त्यांच्या शाळेत जायला लागले होते. तिथं आम्हाला त्यांच्या देशातल्या नद्यांची नावं पाठ करायला लावत. आमच्या नदीचं नाव कुठंच नव्हतं. भिंतीवरच्या नकाशात तिच्यावर त्या मासेवाल्या साहेबाचं नाव छापलं होतं. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा काका इतका हसला की खोकून खोकून निळा पडला. काकी मात्र हसली नाही. “तो होडीत उभा राहिला की थरथरायचा,” ती म्हणाली. “आणि नदीला त्याचं नाव!”

पुढं पूल आला. गावापासून बराच खाली, जिथून डोंगराचा रस्ता थेट बंदराकडे जातो तिथं. दगड वाहायला दोन्ही तीरांची माणसं वेठीला धरली. किती मेली ते कुणी लिहून ठेवलं नाही. त्यांच्याकडे वह्यांची काही कमी नव्हती, पण ते लिहायला पान मिळालं नाही. पुलावरून तांब्याच्या गाड्या बंदराला जायच्या होत्या. आमच्या गावाच्या माणसाला समोरच्या तीरावर जायचं तर अर्धा दिवस खाली चालत जा, पुलावर जकात भरा, आणि अर्धा दिवस वर चालत या. समोर दिसणाऱ्या घरी जायला! साहजिकच पुलावर कुणी फिरकेना. तेव्हा सरकारला अचानक आमच्या जिवाची काळजी वाटली. होड्या धोक्याच्या असतात, माणसं बुडतात, असं म्हणून सगळ्या होड्या जप्त झाल्या आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या सरकारी वखारीत कोंडल्या. काकीचीही गेली. शिपाई ती ओढत नेत होते तेव्हा काकी शिव्या देत सोबत चालत गेली, आणि दगडावर घासू नका, उचलून धरा, म्हणून त्यांच्यावर खेकसत राहिली.

होड्या नाहीत म्हटल्यावर ठेका कसला? बिल्लेमामाला एका सकाळी बोलावून बिल्ला काढून घेतला. कोट जुना झाला होता म्हणून तेवढा राहू दिला. त्याच दिवशी तो पुलावरून, जकात भरून, दिवसभर चालत काकीच्या दारात आला. भिंतीपलीकडून मी ऐकत होते, मग राहवेना म्हणून दारात जाऊन उभी राहिले.

“ताई, मला काढून टाकलं.”

काकीनं त्याच्या छातीकडे बघितलं. “बिल्ला गेला. भोकं राहिली की कोटाला.”

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला. चाळिशीचा माणूस, पण लहान पोरासारखा. “तू बोल मला. काय हवं ते बोल. पण ओ, सरका, नको म्हणूस.”

काका कोपऱ्यातून म्हणाला, “जेवायला वाढ त्याला आधी. पोट भरलेल्या माणसाला शिव्या नीट लागतात.”

काकीनं वाढलं. तो जेवत असताना ती समोर बसून त्याच्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, “वखारीवर कोण असतं?”

“दोन शिपाई. पण लाटसाहेब येतोय ना पुलाच्या उद्‌घाटनाला, त्या दिवशी सगळे शिपाई खाली पुलावर सलामीला.”

“आणि कुलूप?”

त्याचा घास हातातच राहिला. “कुलूप मीच लावलंय, ताई,” तो हळूच म्हणाला. “किल्ली मागायची त्यांना आठवणच राहिली नाही.”

लाटसाहेबाच्या आगमनाचा हुकूम आधीच सुटला होता. दोन्ही तीरांवरच्या सगळ्यांनी, बायकापोरांसकट, पुलावर दोन ओळींत उभं राहायचं आणि लाटसाहेब चालत येताना आनंद दाखवायचा. आनंद दाखवण्याची तालीम शाळेत आमच्याकडून करून घेतली होती. काकीनं पुढचे काही दिवस काहीच केलं नाही. फक्त दोन्ही तीरांवरच्या नातलगांकडे जाऊन आली, चालत, पुलावरून. नातलग तिचे सगळीकडेच होते. इतकी वर्षं होडीत बसून ज्यांनी तिच्यापाशी सासू-सुनांची गाऱ्हाणी केली होती, त्या बायकांना तिला फारसं समजावून सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं. पुलावर कमानी, झेंडे, बँड, खुर्चीत तो राजा. शिपाई दोन्ही टोकांना. आणि मधे पूल रिकामा. लाटसाहेब चालायला लागला. दोन्ही बाजूंना हात हलवायचा त्याला सराव होता, तो हात हलवत होता, पण बघायला कुणी नव्हतं. शाळेच्या साहेबानं आम्हा पाचसात मुलींना तेवढं आणलं होतं, म्हणून मी हे पाहिलं. पुलाच्या मध्यावर दगडाची पाटी होती. तिच्यावरचा पडदा बाजूला झाला आणि मी वाचलं: ‘ज्या दोन तीरांना निसर्गानं आणि रानटीपणानं दूर ठेवलं, त्यांना या पुलानं प्रथमच एकत्र आणलं.’

तेवढ्यात वरच्या वळणावरून होड्या आल्या. एक, मग चार, मग पाणीच दिसेना. दोन्ही तीरांची माणसं एकाच होड्यांत, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, खाणीतून पळालेले, कुणाच्या मांडीवर कोंबड्या. सगळ्यात पुढं काकी वल्हवत होती, आणि काका धापा टाकत समोर बसला होता. कुणी घोषणा दिली नाही. वर बघितलंसुद्धा नाही. बायका आपसात गप्पा मारत होत्या, जणू वर पूलच नव्हता. बँड वाजता वाजता एकेक वाद्य गळत थांबला. लाटसाहेब कठड्याशी येऊन खाली वाकून बघत राहिला, आणि त्याच्या टोपीतलं पीस तेवढं वाऱ्यावर हलत होतं. सबंध साम्राज्यात त्या घटकेला काही हलत असेल तर ते पीस.

मग गोळ्या सुटल्या. पाण्यातच सुटल्या, घाबरवायला. तरी एका कोळ्याचा दंड गेला. काकीला, मामाला आणि आणखी काहींना धरलं. होड्या फोडून टाकल्या.

कचेरीत न्यायाधीश साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, “सरकारी नदीत विनापरवाना होडी घातलीस, हे कबूल आहे?”

“नदी सरकारची का?” काकीनं विचारलं.

“हो.”

“मग बरं झालं भेटलात. दोन पावसाळ्यांमागं तुमच्या नदीनं माझ्या दिराचा गोठा वाहून नेला, गुरांसकट. भरपाई कुणाकडे मागायची?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. दुभाष्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं साहेबाला त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं. साहेबाचा चेहरा निवळला; बाईला पश्चात्ताप झाला आहे, सरकार दयाळू आहे, वर्षाऐवजी सहा महिने पुरेत, असं तो म्हणाला. दुभाष्यानं ते खाली सांगितलं. काकी उठून उभी राहिली.

“ह्यानं मघाशी जो शब्द वापरला तो मला येतो,” ती म्हणाली. “माझा भाऊ दिवसभर तोच घोकायचा. माफीचा शब्द तो. मी माफी मागितलेली नाही, गोठ्याचं विचारलंय.”

ह्या वेळी दुभाष्याला खरं ते सांगावं लागलं. वर्षाची शिक्षा झाली. सरकारची दया तेवढ्यापुरतीच होती.

तुरुंगात तिला दोर वळायला बसवलं. परत आली तेव्हा केस पांढरे झाले होते आणि बोटांची कातडी गेली होती. काका तोवर तग धरून होता. ती आल्यावर सातआठ महिन्यांनी, धक्क्यावरच, दुपारी गेला. तिनं पाण्यातून नेहमीसारखं “आहेस का रे?” म्हणून विचारलं, आणि हात वर आला नाही.

पाण्यातून विचारलं, म्हणजे होडी होती. होत्याच. लोकांनी नव्या बांधल्या होत्या, आणि सरकार त्यांना आता ‘मासेमारीची साधनं’ म्हणत होतं. मासेमारीच्या साधनात बसून माणूस चुकून समोरच्या तीराला लागला तर तो गुन्हा नव्हता. उघड माघार घेणं त्यांना कधी जमलं नाही. शब्द बदलायचे, आणि आपणच कृपा केली म्हणायचं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ते गेले. इतरत्र लोक लढले, मेले, त्यामुळे गेले हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण आमच्या डोंगरातलं तांबं त्याच सुमारास संपलं होतं हेही विसरत नाही. खाण रिकामी झाली तशी आमच्या स्वातंत्र्याची कळकळ त्यांना अगदी आतून दाटून आली. अजूनही कुणी शिकला-सवरलेला मला ऐकवतो, “काही म्हणा, पूल तर दिला ना त्यांनी?” मी त्याला पुलावरून चालत आमच्या घरी यायला सांगते. आजवर कुणी आलेलं नाही.

बिल्लेमामा तुरुंगातून सुटला तो काकीकडेच राहिला. भेगा बुजवायचं काकाचं काम त्यानं उचललं. काकी त्याला टोमणे मारायची ती शेवटपर्यंत मारत राहिली, पण ‘अरे’ म्हणूनच.

झेंडा बदलायचा होता त्या सकाळी सगळं गाव मैदानात जमलं होतं. मी काकीला घ्यायला धक्क्यावर गेले. ती होडी सोडत होती. आत एक माणूस गाल धरून विव्हळत बसला होता. त्याची दाढ सुजली होती, आणि दाढ काढणारा पलीकडच्या तीरावर राहायचा.

“काकी, आज तरी चल! झेंडा उतरताना बघायला नको का तुला?”

“ह्याची दाढ थांबणार आहे का तोवर?” ती म्हणाली. “तू बघ. कसा उतरला ते सांग मला नंतर.” मग उतारूकडे वळून म्हणाली, “आणि तुम्ही मधे बसा हो, एका बाजूला कलू नका.”